लिटरला वीस मिली

मामांच्या गॅरेजात फळीवर एक स्टीलचा पेला आहे. घरातून कधीतरी आला तो परत गेलाच नाही; मामींनी दोन-चारदा विचारलं आणि मग नाद सोडला. पेल्याच्या आतल्या अंगाला दाभणानं ओरखडलेल्या दोन रेघा आहेत. खालची १०० मिलीची, वरची २०० मिलीची. मेडिकलमधून सिरिंज आणून, पाणी मोजून मामांनी त्या स्वतः पाडल्यात. वरच्या रेघेपर्यंत ऑइल, कॅनमध्ये दहा लिटर पेट्रोल, झाकण घट्ट लावून कॅन दोन्ही हातांनी आडवा-उभा हलवायचा. झालं होडीच्या मोटरचं जेवण.

होडीची मोटर, आणि ती सांगलीत? बाहेरचा माणूस हमखास विचारतो. पावसाळ्यात आमच्याकडं माणसं भेटली की 'बरं हाय का' नंतर विचारतात, आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल. त्याच्यापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. धोका म्हणजे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथल्या लोकांनी तोवर सामान माळ्यावर टाकून घराबाहेर पडलेलं असावं. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, आणि तेव्हा शहरात होड्या किती आहेत हे पहिल्यांदा कुणीतरी मोजलं असावं. खेड्यांत माणसांनी गुऱ्हाळातल्या काहिली पाण्यात लोटल्या होत्या. ज्यात गूळ कढायचा त्यात म्हातारी माणसं बसवून पोहणाऱ्या पोरांनी ढकलत आणली.

त्या वर्षी आमच्या गल्लीच्या तालीम मंडळानं गणपतीची रोषणाई रद्द केली आणि पुढच्या उन्हाळ्यात कोकणातून एक जुनी फायबरची होडी आणली. होडीबरोबर मोटरही आली. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची, ४० हॉर्सपॉवरची, तीन सिलिंडरची, टू-स्ट्रोक. अशा मोटरला ओबीएम म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं; गल्लीत ती आजही नुसती 'मोटर'. मामांचं टू-व्हीलरचं गॅरेज, म्हणून ती मामांकडं आली. अख्ख्या गल्लीचे ते मामाच आहेत, माझे तेवढे सख्खे.

मामांनी वरचं झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. आत एका बाजूला ऑइलची वेगळी टाकी होती. क्रँकवरून फिरणारा छोटा पंप, पंपाला कार्बुरेटरच्या लिव्हरपासून आलेली एक काडी, आणि पंपातून निघालेल्या तीन बारीक पारदर्शक नळ्या, एकेका सिलिंडरला एकेक. "आरं, ही तर आर एक्स हाय!" असं म्हणून त्यांनी हाकच मारली.

ज्यांनी टू-स्ट्रोक गाड्या चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ते आता पस्तिशीच्या आतले सगळेच आले. फोर-स्ट्रोक गाडीत इंजिनच्या तळाला ऑइल साठलेलं असतं आणि ते आतल्या आत फिरत राहतं. टू-स्ट्रोकला ती सोय नाही. तिचं पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या पेटीतून जातात, मग वर सिलिंडरमध्ये. त्यामुळं खाली ऑइल साठवून ठेवता येत नाही. जे काय वंगण मिळायचं ते पेट्रोलबरोबरच आत आलं पाहिजे, बेअरिंगला, पिस्टनला, रिंगांना चाटून गेलं पाहिजे आणि शेवटी जळून धुराड्यातून बाहेर पडलं पाहिजे. ते आत कसं पाठवायचं याच्या दोन तऱ्हा. एक, पेट्रोलमध्येच मिसळायचं: चेतक, येझदी, लुना. पंपावर 'ऑइल किती?' विचारायचे, हातानं दांडा ओढून निळसर ऑइल सोडायचे, आणि मग माणूस गाडी दोन्ही पायांवर धरून डावी-उजवीकडं हलवायचा. दुसरी तऱ्हा, वेगळी टाकी आणि पंप: यामाहानं १९६४ मध्ये ऑटोल्युब नावानं आणली ती, आणि आपल्याकडं आर एक्स १०० नं पोराटोरांपर्यंत पोचवली ती. ऑइल टाकीत भरा आणि विसरा, लागेल तसं पंप घेतो.

'लागेल तसं' यात पंपाचं सगळं मोठेपण आहे. इंजिन धीमं चालतं तेव्हा त्याला ऑइल थोडं पुरतं, सुसाट चालतं तेव्हा जास्त लागतं. मिसळलेल्या पेट्रोलला हे कळत नाही. ते पन्नासाला एक म्हणजे पन्नासाला एक, लिटरला वीस मिली, मग तुम्ही पळवा नाहीतर उभे राहा. पंपाच्या काडीला कळतं. ॲक्सिलेटर जितका उघडाल तितकी ती पंपाचा लिव्हर फिरवते. होड्यांच्या मोटरींत ही कल्पना ऐंशीच्या दशकात जोरात आली. १९८४ मध्ये एव्हिनरूड आणि जॉन्सनच्या मोटरींत व्हीआरओ नावाचा पंप आला. तो पूर्ण वेगाला पन्नासाला एक आणि धिम्या गतीला दीडशेला एकपर्यंत ऑइल कमी करायचा. म्हणजे धूर कमी, खर्च कमी, आणि मापाची कटकट नाही. कागदावर पंपाला हरवणं अवघड आहे. मी एका पतसंस्थेत हिशेब बघतो. आमच्या भाषेत पंप म्हणजे खात्यातून दर महिन्याला आपोआप वळता होणारा हप्ता. सभासद एकदा सही करतो आणि विसरतो. शंभरातल्या नव्वद जणांचं त्यात भलंच होतं. उरलेले दहा जण खात्यात पैसे नसताना निर्धास्त असतात.

पहिल्या वर्षी मामांनी मोटरला दुचाकीचंच टू-टी ऑइल घातलं. ते चुकलं. हवेवर थंड होणारं दुचाकीचं इंजिन फार तापतं, म्हणून त्या ऑइलमध्ये राख सोडणारी द्रव्यं असतात. होडीची मोटर नदीचं पाणी ओढून गार राहते. तिच्यात ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर बसते. तिला टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं, बिनराखेचं ऑइल लागतं. रत्नागिरीच्या एका मिस्त्रीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मामा दोन दिवस गप्प होते. तीस वर्षं ऑइल हाताळलेल्या माणसाला कुणी ऑइल शिकवावं हे लागणारच.

मग काही वर्षांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात, चाचणीच्या दिवशी, मोटर धरली, म्हणजे आतल्या आत जाम झाली.

चाचणी म्हणजे पाऊस लागायच्या आत होडी नदीत उतरवून हरिपूरच्या संगमापर्यंत जाऊन यायचं. जिथं वारणा कृष्णेला मिळते तिथंवर. खरं तर ती मंडळाची सहलच. भडंग, भजी, सगळं असतं. परतताना मामेभावानं मोटर पूर्ण उघडली. पाच मिनिटं छान गेली, मग आवाज बदलला. मामा पुढं बसले होते, ते मान वळवून ओरडले, "सोड, सोड!" सोडायच्या आत मोटर थांबली. दोरी ओढली तर जागची हलेना. ऑइलच्या टाकीत काचेतून बघितलं तर ऑइल निम्म्याच्या वर. ऑइल संपलं की भोंगा वाजतो, तो वाजलाच नव्हता. नदी उथळ होती म्हणून वल्ह्यांवर परत आलो. तीच मोटर ऑगस्टात थांबली असती तर, हा विचार सगळ्यांच्या डोक्यात होता. भजी कुणी खाल्ली नाहीत.

गॅरेजात खोललं तेव्हाचं मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. वरचे दोन पिस्टन चकचकीत, तेलकट. सगळ्यात खालचा, तिसरा, एका अंगानं पार खरवडलेला. ॲल्युमिनियम वितळल्यासारखं सिलिंडरच्या भिंतीला फासलं गेलेलं. मामांनी बोटाच्या पेरानं ते चाचपलं आणि मग पिस्टन सोडून पंपाकडं गेले. तीन नळ्यांपैकी तिसरीचं टोक, जिथं ती निप्पलवर चढवलेली असते तिथं, उन्हानं आणि उष्णतेनं कडक होऊन चिरलं होतं. केसासारखी चीर. पंप इमानदारीनं ऑइल ढकलत होता आणि ते चिरेतून मोटरच्या खालच्या कवचात ठिबकत होतं.

ते ठिबकलेलं ऑइल आम्ही पाहिलं नव्हतं असं नाही. दर चाचणीला कवचात ऑइल दिसायचं, फडक्यानं पुसायचो आणि म्हणायचो, जुनी मोटर, थोडं गळणारच. टाकीतली पातळी उतरतेय म्हणजे ऑइल इंजिनात जातंय, असा आमचा हिशेब. पातळी खरंच उतरत होती. आणि भोंगा? त्याचा तरंगता गोळा टाकीत असतो. टाकीत ऑइल आहे की नाही एवढंच त्याला कळतं. टाकीच्या पुढं नळीतून काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी हिशेबाचा माणूस असून मला हे सुचलं नव्हतं. खात्यातून रक्कम वजा झाली म्हणजे ती योग्य खात्यात जमा झाली असं धरून चालणाऱ्या कारकुनाला मी स्वतः मेमो दिलेला आहे.

पुढचे दोन महिने मामांच्या घरात वाद. मामेभावाचं म्हणणं सरळ होतं: नळी फुटली, नळ्या बदला. तिन्ही बदला, दर तीन वर्षांनी बदला, पंप काय वाईट आहे? तो डिप्लोमा झालेला, त्याला काडीचं गणित आवडायचं. मामा म्हणायचे पंप काढून टाकायचा आणि मिक्सिंगवर जायचं. मामेभाऊ म्हणाला, "आण्णा, लोक पुढं जात्यात, तुम्ही मागं चाललायसा." मामा येझदीवाले आणि हा आर एक्सवाला, हेही त्या वादात होतंच, घरातल्या वादात यंत्र नुसतं निमित्त असतं.

शेवटी मामांनी जे सांगितलं ते मला पटलं. ते म्हणाले, "पंप चांगलाच हाय. कोकणात रोज मोटर चालवणाऱ्यानं ठिवावा. त्येचा कान रोज तिच्यावर असतोय. आपली मोटर अकरा म्हैने पोत्याखाली झोपतीया आणि मग एकदम आठ दिवस मरणाची पळतीया. अकरा म्हैन्यांत नळीचं काय झालं हे मी पंपाला इचारू शकत न्हाई. बारक्याला इचारू शकतोय, ऑइल टाकलंस का म्हणून."

पंप काढणं म्हणजे नुसता सोडवणं नव्हे, हेही तेव्हा शिकलो. आत फिरणारा गिअर तसाच ठेवून ऑइल बंद केलं तर पंप कोरडा फिरून स्वतःच खलास होतो आणि त्याचे तुकडे आत जायची भीती. म्हणून गिअरसकट काढला, जागेवर पत्र्याची झाकणी आणि गॅस्केट बसवलं, तिन्ही निप्पलना टोप्या घातल्या, भोंग्याची वायर सोडली. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवला. आणि फळीवरच्या पेल्याला रेघा पडल्या.

बारक्या हे मंडळातलं सगळ्यात धाकटं पोरगं होतं तेव्हा. आता त्याला दोन मुलं आहेत, नाव बारक्याच.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्या गल्ल्यांत २००५ ला पायरी भिजली नव्हती तिथं पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून माणसं उतरवली. तेव्हा पंपाचं मोठेपण मला पुन्हा आठवलं. पुरात होडी पळतच नाही. मारुती चौकामागच्या बोळातून ती पावलापावलानं जाते: खाली बुडालेल्या गाड्या, वर विजेच्या तारा, पाण्यात पाचट, साड्या, ठिबकच्या नळ्या. पंख्यात काही अडकलं की बंद करा, मोटर वर उचला, काढा, पुन्हा दोरी ओढा. दिवसभर मोटर धिम्या गतीला. आणि धिम्या गतीला पन्नासाला एक म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त ऑइल. दोन-तीन तासांत प्लग काळे, ओले, शॉर्ट. पंप असता तर त्यानं हात आखडता घेतला असता. मामेभाऊ त्या आठ दिवसांत एकदाही 'मी म्हटलं होतं' म्हणाला नाही. खिशात प्लगचा पाना आणि डब्यात बारा प्लग घेऊन फिरला. रात्री मामी कंदिलाशी बसून तारेच्या ब्रशनं प्लग घासायच्या.

आणि ज्याला विचारता येतं तो बारक्या? तिसऱ्या रात्री मिरजेकडून चार कॅन पेट्रोल आलं. पंपांवर रांगा होत्या, मिळेल तिथून आणलेलं. दोन कॅनमध्ये मामेभावानं ऑइल टाकलं, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली. मामांनी विचारलं, "बारक्या, टाकलं का?" बारक्या दोन रात्री झोपला नव्हता. "टाकलंय की ओ मामा." कशात टाकलंय? "त्यात." कॅन चारही सारखे, पांढरे, ओळीत. ऑइलला निळा रंग असतो तो खरं तर ह्यासाठीच, मिसळलेलं पेट्रोल ओळखू यावं म्हणून. पण बॅटरीच्या पिवळ्या उजेडात प्लॅस्टिकच्या कॅनबाहेरून सगळं पेट्रोल एकाच रंगाचं.

मामांनी जुना पेपर मागितला. प्रत्येक कॅनमधून काडी बुडवून पेपरवर एकेक थेंब टाकला आणि शेजारी पेननं १, २, ३, ४ लिहिलं. मग कागदाकडं बघत बसले. बाहेर होडी थांबलेली, कुणीतरी हाका मारतंय, आणि हे कागदाकडं बघत बसलेले. पेट्रोल उडून जातं, ऑइल कागद सोडत नाही. दोन मिनिटांत एकचा आणि दोनचा डाग सारखा राहिला. तीनचा डाग ऐसपैस, तुपकट. चारच्या जागी फक्त आकडा.

म्हणजे बारक्यानं दोन वेळा टाकलं होतं, दोन्ही वेळा एकातच. चारमधलं कोरडं पेट्रोल मोटरला गेलं असतं तर हरिपूरची गोष्ट रात्री दीडला, वीस फूट पाण्यावर, होडीत माणसं असताना पुन्हा घडली असती. तीनमधलं दुप्पट ऑइलवालं पेट्रोल मात्र मामांनी सरळ मोटरला जोडलं. नव्या मोटरींना पहिले काही तास पंचविसाला एक देतातच. मोटर त्यानं मरत नाही, नुसती धुरानं खोकते. त्या फेरीत एका आज्जींना गॅलरीतून उतरवून घेतलं. त्या पदर नाकाला लावून म्हणाल्या, "डासाचा धूर मारायला आलायसा व्हय रं?" दोन दिवसांत पहिल्यांदा होडीतले सगळे हसले.

त्याच आठवड्यात ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं आणणारी, गच्च भरलेली एक होडी उलटली. त्यानंतर होडीत माणसं बसवताना मामा मोठ्यानं मोजायला लागले आणि आकडा ठरला की मग कुणाचंही ऐकायचे नाहीत.

पूर ओसरल्यावर नियम झाला: ज्या कॅनमध्ये ऑइल पडलं त्याच्या मुठीला लाल नाडा. नाडा बांधणारा तोच, ऑइल ओतणारा तोच. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० च्या वर गेलं तेव्हा नाड्यांनी काम भागवलं.

आता नवीनच भानगड आहे, आणि तिचं मूळ आमच्याच रानात आहे. २०२५ पर्यंत पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. आमच्या उसाची मळी, आमचे कारखाने. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात त्याबद्दल तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पेट्रोल कॅनमध्ये महिनोन्‌महिने राहिलं आणि पाणी बऱ्यापैकी शिरलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि तळाला बसतं. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. आणि टाकीतली नळी पेट्रोल ओढते ती तळातूनच. म्हणजे नाडा बांधलेला, ऑइल टाकलेलं, डागही बरोबर, आणि तरी मोटरच्या पोटात पहिल्यांदा जाणार ते बिनऑइलचं. हे कळल्यापासून मामा मिसळलेलं पेट्रोल महिन्यावर ठेवत नाहीत. उरलेलं मामेभावाच्या जुन्या आर एक्समध्ये ओततात. तिला स्वतःचा पंप आहे, वर हे मिसळलेलं ऑइल, त्यामुळं ती गल्लीत शिरली की आधी धूर दिसतो.

सरकारी पथकांकडं फोर-स्ट्रोक मोटरी दिसतात. ना मिसळणं, ना पंप, ऑइल आपलं तळाला. मंडळातली पोरं त्या बघून येतात आणि मामांना किंमत सांगतात. मामा ऐकून घेतात. "घ्या की," म्हणतात, "गणपतीची रोषणाई पुन्हा बंद करा." विषय तिथं संपतो.

परवा मेच्या शेवटी मोटर पोत्याखालून काढली. अर्धं कापलेलं बॅरल पाण्यानं भरून त्यात तिचा पाय बुडवला. गॅरेजच्या दारातच चालवून बघतो आम्ही. मामांचा हात आता थरथरतो, म्हणून पेला माझ्याकडं. वरच्या रेघेपर्यंत भरला, कॅनमध्ये ओतला, इतक्यात पतसंस्थेतून फोन आला. बोलत बोलत बाहेर गेलो. परत आलो तर मामा खुर्चीवर, दोरी मामेभावाच्या हातात, पेला फळीवर, आणि कॅनला नाडा नाही.

"टाकलंस?" मामांनी विचारलं.

टाकलं होतं. बहुतेक. पेल्याच्या आत बोट फिरवलं तर तेलकट लागलं, पण तो पेला बारा महिने तेलकटच असतो. मामेभाऊ दोरी धरून माझ्याकडं बघत होता. मी टेबलावरचा पेपर ओढला, काडी कॅनमध्ये बुडवली आणि एक थेंब टाकला. तिघंही कागद वाळायची वाट बघत उभे राहिलो.